स्पीड भरपूर, तरी कॉल अडखळतो
वाचकांचे प्रश्न : घरातलं, ऑफिसातलं नेटवर्क

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये 'नेट स्लो आहे' असं फारसं कुणी लिहिलेलं नाही. बहुतेकांचं म्हणणं असं, की स्पीड टेस्टमध्ये आकडा पूर्ण येतो, पण कामाच्या वेळी नेट दगा देतं. लहान गावांतली दुकानं, पतसंस्था, अभ्यासिका आणि घरं यांची नेटवर्क लावून देणं हाच माझा व्यवसाय असल्यामुळे ही तक्रार मला रोज ऐकायला मिळते. तिचं कारण नीट समजून घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून पहिल्या दोन पत्रांना या वेळी जास्त जागा दिली आहे.

ताई, आमच्याकडे फायबर आहे. डाउनलोड ४० एमबीपीएस, अपलोड १०. टेस्ट केली की आकडा बरोबर येतो. पण मुलगा रात्री ऑफिसच्या मीटिंगला बसला की नऊच्या सुमारास त्याचा आवाज तुटायला लागतो. कंपनीचा माणूस 'लाइन ओके आहे' म्हणून गेला, राउटरही बदलून दिला. फरक शून्य. त्या वेळी घरात वेगळं काहीच घडत नाही. हे कामावरून येतात, एवढंच.
— एक वाचक, चिपळूण

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. ते घरी आले की त्यांचा फोन वायफायला जोडला जातो आणि दिवसभरातले फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागतो. बहुतेक फोनमध्ये बॅकअप 'फक्त वायफायवर' असा लावलेला असतो. आज रात्री मीटिंगच्या वेळेपुरता त्यांच्या फोनमधला बॅकअप थांबवून बघा. आवाज तुटायचा थांबला, तर रोग सापडला.

पण बॅकअप कायमचा बंद करू नका. तो त्याचं काम करतोय. दोष आहे तो मधल्या रांगेत.

फोनमधून निघालेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, थेट बाहेर जात नाही. वायफायवरून ते राउटरपर्यंत झपाट्याने पोचतं, पण पुढे अपलोडचा रस्ता १० एमबीपीएसचाच. म्हणून ते बफरमध्ये, म्हणजे राउटरच्या किंवा फायबरच्या मोडेमच्या मेमरीत, रांगेत उभं राहतं. १,५०० बाइटचं एक पॅकेट १० एमबीपीएसवर बाहेर पडायला १.२ मिलिसेकंद लागतात. एक मेगाबाइटचा बफर गच्च भरला तर त्यात सुमारे ७०० पॅकेटं असतात. म्हणजे मुलाच्या आवाजाचं पॅकेट या रांगेच्या शेवटी लागलं, की घराबाहेर पडायलाच त्याला ८०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. बोलणं सहज वाटण्यासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते. कॉलची पॅकेटं साधारण दर २० मिलिसेकंदांनी निघतात. ती इतक्या उशिरा आणि एकमेकांत कमीजास्त अंतर ठेवून पोचली, की पलीकडचं अॅप त्यांतली कितीतरी फेकून देतं. आवाज तुटतो तो असा. कंपनीचा माणूस आला तेव्हा लाइन रिकामी होती, म्हणून त्याला काही दिसलं नाही.

रांग इतकी भरतेच कशी? टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवर डेटा पाठवण्याच्या नियमांचा, स्वभावच तसा आहे. पॅकेट हरवेपर्यंत पाठवणारा आपला वेग वाढवत राहतो. हरवलं की समजतो, रस्ता भरला, आणि हळू होतो. हे शहाणपण अनुभवातून आलं आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यातला डेटाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर जेमतेम ४०० यार्ड. सगळेच न थांबता पाठवत होते, न पोचलेलं पुन्हा पाठवत होते. व्हॅन जेकबसन यांनी त्यावरचा उपाय १९८८ मध्ये मांडला. आजचं इंटरनेट त्या उपायावर उभं आहे, आणि तो उपाय पॅकेट वेळेवर हरवण्यावर अवलंबून आहे.

पुढे मेमरी स्वस्त झाली आणि 'एकही पॅकेट वाया जाऊ नये' म्हणून उपकरणांत भले मोठे बफर आले. पॅकेट हरवतच नाही, त्यामुळे पाठवणाऱ्याला गर्दीचा पत्ता लागत नाही, आणि रांग काठोकाठ भरून राहते. २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांना आपल्या घरच्या कनेक्शनवर हे दिसलं. त्यांनी त्याला 'बफरब्लोट' म्हटलं आणि जगभर त्याबद्दल बोलत राहिले.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी 'कोडेल' ही पद्धत दिली. मला ती फार आवडते, कारण ती रांग किती लांब आहे हे विचारत नाही; पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं ते मोजते. सलग १०० मिलिसेकंद प्रत्येक पॅकेटला ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबावं लागलं, तर ही गर्दी तात्पुरती नाही असं समजून ती एखादं पॅकेट टाकून देते. पाठवणाऱ्याला इशारा मिळतो, तो हळू होतो, रांग ओसरते. याआधी १९९३ मध्ये सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांची 'रेड' नावाची पद्धत आली होती, पण तिचे आकडे प्रत्येक लाइनसाठी वेगळे जुळवावे लागत, त्यामुळे अनेकांनी ती बंदच ठेवली. कोडेलला असं जुळवणं जवळपास लागत नाही.

तिच्या जोडीला 'फेअर क्यू' आलं. पिठाच्या गिरणीत कुणी गव्हाचे दहा डबे लावून ठेवलेत आणि मागे एक आजी पावशेर भाजणी घेऊन उभ्या आहेत; समजूतदार गिरणीवाला दोन डब्यांच्या मध्ये त्यांची भाजणी दळून देतो. डबेवाल्याला काही फरक पडत नाही, आजी वेळेत घरी जातात. कोडेल आणि फेअर क्यू मिळून झालेलं एफक्यू-कोडेल तेच करतं. सगळी पॅकेटं एका रांगेत न लावता ती १,०२४ रांगांत वाटतं, आणि ज्या रांगेत थोडंच सामान आहे तिला आधी सोडतं. मुलाचा कॉल ही तशी रांग. त्यावर 'कॉल' असं लेबल लावायचीही गरज नाही.

आता घरी काय करायचं ते. रांग नेहमी सगळ्यात अरुंद जागी तयार होते, आणि तुमच्याकडे ती जागा म्हणजे कंपनीचा मोडेम. त्याच्या आत तुम्हाला हात घालता येत नाही. म्हणून स्वतःच्या राउटरमध्ये अपलोड मुद्दाम ९ एमबीपीएसवर बांधायचं. आता सगळ्यात अरुंद जागा तुमचा राउटर, रांग तिथे, आणि तिथे कोडेल बसलेला. १ एमबीपीएस सोडून दिल्याचं अनेकांना वाईट वाटतं. माझ्या मते यापेक्षा चांगला सौदा नाही. डाउनलोडची रांग कंपनीच्या बाजूला असते, तिच्यावर आपला ताबा दुरूनच चालतो, म्हणून तिथे थोडी जास्त मोकळीक ठेवा : ४० चे ३४ ते ३६.

यासाठी 'एसक्यूएम', म्हणजे रांग हुशारीने सांभाळण्याची सोय, असलेला राउटर लागतो. ओपन-डब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली चालणाऱ्या राउटरवर 'एसक्यूएम' हे पॅकेज टाकता येतं. त्यात रांगेचा प्रकार 'केक' निवडा. केक ही एफक्यू-कोडेलची पुढची आवृत्ती, २०१८ पासून लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये आहे. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय सहसा नसते, तेव्हा त्यामागे आपला राउटर लावायचा आणि घरातली सगळी उपकरणं आपल्याच राउटरला जोडायची. एक खबरदारी : राउटरमध्ये 'हार्डवेअर ऑफलोड' किंवा 'फ्लो ऑफलोड' चालू असेल तर बंद करा. ते चालू असताना पॅकेटं रांगेला वळसा घालून निघून जातात.

खात्री करायची रीत सोपी आहे. संगणकावर ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, पिंग लावून ठेवा; पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते पिंग सांगतं. लाइन मोकळी असताना किती मिलिसेकंद येतात ते बघा. मग एक मोठा व्हिडिओ अपलोडला लावा आणि पिंग बघत राहा. २० चे ७०० झाले तर रांग भरलीय. एसक्यूएम लावल्यावर तोच प्रयोग पुन्हा करा. २० चे ३०-३५ झाले की काम झालं.

मॅडम, मी स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका चालवतो. साठेक मुलं-मुली, १०० एमबीपीएसची लाइन, मायक्रोटिकचा राउटर. दोन-चार जण लेक्चरचे व्हिडिओ डाउनलोडला लावतात आणि बाकीच्यांची टेस्ट सिरीज उघडत नाही. प्रत्येकाला दीड एमबीपीएस बांधून दिलं तर सगळेच नाराज. आता यूट्यूब बंद करायचा विचार आहे. बरोबर आहे का?
— अभ्यासिका चालक, बार्शी

यूट्यूब बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पुण्यातला क्लास परवडत नाही म्हणून जे तुमच्याकडे बसतात, त्यांचे शिक्षक यूट्यूबवरच आहेत.

दीड एमबीपीएसची गाठ मारणंही चुकीचं, आणि मुलांची नाराजी रास्त आहे. सकाळी सहाला अभ्यासिकेत आठ जण असतील तर ते मिळून १२ एमबीपीएस वापरणार आणि उरलेले ८८ कुणालाच मिळणार नाहीत. मर्यादा घालायची ती एकूण लाइनवर. आतली वाटणी गर्दीप्रमाणे बदलू द्यायची.

वाटणी माणसामागे व्हायला हवी, कनेक्शनमागे नाही. डाउनलोड मॅनेजर एकाच फाइलसाठी १६ कनेक्शन उघडतो. राउटर कनेक्शन मोजून वाटत असेल तर त्या मुलाला १६ वाटे, आणि टेस्ट देणाऱ्या मुलीला एक. तुमच्याकडे हेच चाललंय.

राउटरओएसची (मायक्रोटिकच्या राउटरमधली प्रणाली) सातवी आवृत्ती असेल तर तिच्यात केक आणि एफक्यू-कोडेल दोन्ही आहेत. एकच 'सिंपल क्यू' करा, टार्गेटमध्ये अभ्यासिकेचं पूर्ण नेटवर्क द्या, मॅक्स लिमिट दोन्ही बाजूंना ९० (अपलोडही १०० असेल तर, नसेल तर त्याचे नव्वद टक्के). रांगेचे दोन प्रकार बनवा : डाउनलोडसाठी केक, फ्लो मोड 'ड्युअल-डीएसटी-होस्ट', अपलोडसाठी केक, फ्लो मोड 'ड्युअल-एसआरसी-होस्ट'. मग राउटर आधी उपकरणांमध्ये समान वाटणी करतो आणि त्यानंतर त्या-त्या उपकरणाच्या कामांमध्ये. आवृत्ती सहाच असेल तर 'पीसीक्यू' वापरा, त्याचा रेट शून्य ठेवा. शून्य म्हणजे 'सगळ्यांत सारखं वाटा'. काम भागतं, फक्त एकाच विद्यार्थ्याच्या दोन कामांमध्ये ते भेद करत नाही.

आणि फास्टट्रॅकचा नियम बंद करा. मायक्रोटिकच्या मूळ फायरवॉलमध्ये तो असतो, आणि तो चालू असताना पॅकेटं सिंपल क्यूमध्ये येतच नाहीत. 'सगळं लावलं पण परिणाम नाही' अशा फोनवर माझा पहिला प्रश्न हाच असतो. फास्टट्रॅक गेला की प्रोसेसरवर भार वाढतो. लहान मॉडेल असेल तर संध्याकाळच्या गर्दीत सीपीयूचा आकडा बघा. तो शंभरला टेकत असेल तर राउटर मोठा लागेल.

याने काय होईल ते आकड्यांत सांगते. ५० जण नोट्स वाचताहेत, टेस्ट देताहेत, त्यांना प्रत्येकी ०.२ एमबीपीएस पुरतं; झाले १०. उरलेले ८० दहा डाउनलोडवाल्यांत वाटले जातील, प्रत्येकी ८. टेस्टवाल्यांचं सगळं मिळालं, डाउनलोडवाल्यांना दीडऐवजी आठ मिळाले. कुणाला काही बंद केलं नाही.

एक फट मात्र राहते : वाटणी आयपी पत्त्यावर होते, म्हणून फोन आणि लॅपटॉप दोन्ही जोडणाऱ्याला दोन वाटे मिळतात. ते चालवून घ्या, किंवा एका विद्यार्थ्याला एकच उपकरण असा नियम करा. साठ जण एकाच वायफाय अॅक्सेस पॉइंटवर असतील तर हेही पुरणार नाही. लांबच्या कोपऱ्यातला कमजोर सिग्नलचा जुना फोन हवेतला वेळ सगळ्यात जास्त खातो. हॉलच्या दोन टोकांना दोन अॅक्सेस पॉइंट, वेगवेगळ्या चॅनेलवर, दोन्हींना राउटरपासून वायर.

१०० ऐवजी ३०० चा प्लॅन घेतला तर हे सगळं करावंच लागणार नाही ना?
— एक वाचक, ठाणे

रांग लवकर उपसली जाईल, त्यामुळे उशीर कमी होईल, हे खरं. पण बॅकअप किंवा गेमचं अपडेट मिळेल तेवढी लाइन भरतंच, मग ती ३०० ची का असेना. शिवाय ३०० आल्यावर अरुंद जागा अनेकदा वायफाय ठरते, आणि रांग तिकडे जाते. आधी रांग सुधारा. त्यानंतरही प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग कामाला कमी पडत असेल, तर प्लॅन जरूर वाढवा.

माझा ऑपरेटर मुद्दाम वेग कमी करतो असा संशय आहे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हमखास. हे कायदेशीर आहे का? तुम्ही मागे सांगितलेलं एसक्यूएमही त्या आठवड्यात काम करत नाही.
— एक वाचक, जळगाव

महिनाअखेरीस हमखास होत असेल तर आधी प्लॅनमधली एफयूपी, म्हणजे डेटाची मर्यादा, तपासा. ती संपली की वेग अमुक इतका होईल असं प्लॅनमध्ये लिहिलेलं असेल, तर ती करारातली अट आहे. २०२३ पासून आपल्याकडे ब्रॉडबँड म्हणवणाऱ्या जोडणीचा किमान वेग २ एमबीपीएस ठरवला आहे; आधी तो ५१२ केबीपीएस होता.

सगळ्या कामांचा वेग सारखा कमी होणं ही एक गोष्ट, आणि एकाच कंपनीचा व्हिडिओ हळू करून दुसरीचा पळवणं ही वेगळी. दुसऱ्या प्रकाराला इथे मुभा नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने डेटाच्या भेदभाव करणाऱ्या दरांवर बंदी घातली, आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं स्वीकारली. गर्दी हाताळण्यासाठी वाजवी ट्रॅफिक मॅनेजमेंट मात्र चालतं. या नियमांसाठी देशभरातून लाखो लोकांनी ट्रायला लिहिलं होतं, ते वाया जाऊ देऊ नका : एकच सेवा सातत्याने हळू दिसत असेल तर तारीख, वेळ, त्याच वेळी दुसऱ्या सेवांचा वेग, असं टिपून आधी ऑपरेटरकडे लेखी तक्रार करा.

आता एसक्यूएमचं. समजा, तुम्ही राउटरमध्ये ३६ लिहून ठेवलेत, आणि ऑपरेटरने लाइन २ वर आणली. अरुंद जागा पुन्हा त्याच्याकडे गेली, रांगही गेली. बरेच ऑपरेटर अशा वेळी पॅकेटं थांबवत नाहीत. मर्यादेवरची सरळ टाकून देतात. याला पोलिसिंग म्हणतात, शेपिंग (पॅकेटं रांगेत थांबवून ठरलेल्या वेगाने सोडणं) नव्हे, आणि पोलिसिंगमध्ये वेग करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होतो. त्या आठवड्यापुरता राउटरमधला आकडा १.८ करा. कॉल चालेल, मेल चालेल.

राउटरमधला 'गेमिंग मोड' लावावा का?
— एक विद्यार्थी, नांदेड

त्यामागे खरोखर शेपिंग असेल तर उपयोग आहे, पण बहुतेक वेळा तो गेमच्या पॅकेटांवर फक्त प्राधान्याचा शिक्का मारतो. रांग दुसऱ्याच उपकरणात असेल तर शिक्का बघणारं कुणी नसतं, आणि ऑपरेटरच्या पलीकडे तो मानला जाईलच असं नाही. गेमची पॅकेटं छोटी आणि थोडी असतात. एफक्यू-कोडेल त्यांना शिक्क्याशिवाय पुढे सोडतं. या मोडसाठी जास्त पैसे मोजू नका. एफक्यू-कोडेल आणि केक फुकट मिळतात, कारण डेव्ह टाट यांच्यासारख्या माणसांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मेहनत घेतली आणि सगळं खुलं ठेवलं. २०२५ मध्ये ते गेले. माझ्या कितीतरी ग्राहकांच्या घरी त्यांचं काम रोज चालू आहे.

आमच्या जिल्हा परिषद शाळेत १२ संगणक आणि एक ४जी राउटर आहे. वेग सकाळी १५, दुपारी ३. आकडा कोणता बांधायचा? विंडोज अपडेट सुरू झालं की तास वाया जातो.
— एक शिक्षिका, अक्कलकोट

बाई, मोबाइल डेटावर एकच आकडा दिवसभर टिकत नाही. तुमच्या शाळेच्या वेळेतला नेहमीचा कमीतला आकडा घ्या, म्हणजे ३, त्याखाली २.५ बांधा. सकाळचा वेग वाया जाईल, पण वर्ग चालेल. ओपन-डब्ल्यूआरटीवर 'केक-ऑटोरेट' नावाची स्क्रिप्ट आहे. ती सतत पिंग मोजून आकडा वर-खाली करते. गावात कुणी लावून देणारं असेल तर तीच लावा, अशा लाइनसाठीच ती केली आहे.

अपडेटसाठी खर्च नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' उघडा. 'इतर संगणकांकडून डाउनलोड' चालू करून 'फक्त स्थानिक नेटवर्क' निवडा. मग अपडेटचा बराच भाग संगणक एकमेकांकडून घेतात, आणि १२ वेळा बाहेरून आणावा लागत नाही. तिथेच डाउनलोडला मर्यादाही घालता येते. आणि शाळा सुटल्यावर एखाद्या दिवशी सगळे संगणक तासभर चालू ठेवून अपडेट पूर्ण होऊ द्या.

पुढच्या वेळी लिहिताना पत्रात तीन आकडे जरूर द्या : लाइन मोकळी असतानाचा पिंग, मोठं डाउनलोड चालू असतानाचा, आणि मोठं अपलोड चालू असतानाचा.